अंगठ्याचा घट्टा

“मग दोष कशात हाय, तेवढं तरी सांगा की, वस्ताद!”

रणधीर चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्तादांनी तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. ते मान खाली घालून कानस ब्रशनं झाडत बसले होते.

मी तिथं अडकित्त्याला धार लावून घ्यायला गेलो होतो. माझं काम दोन मिनिटांचं. पण वस्तादांच्या दुकानात दोन मिनिटांचं काम घेऊन आलेला माणूस तासभर बसतो, आणि उठायची त्याला घाई नसते. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

वस्ताद आडनावानं शिकलगार. पणजोबांनी तलवारी उजळल्या, आजोबांनी बंदुका, वडिलांनी कात्र्या. वस्ताद पिस्तुलांच्या मुठी करतात. नेमबाजी खेळणारी पोरं लांबून लांबून कोल्हापुरात त्यांच्याकडं येतात. वस्ताद आधी हात बघतात, मग शिसवीचा ठोकळा शोधतात, आणि आठ दिवसांनी या म्हणतात. आठ दिवसांनी गेलं, की आणखी आठ दिवस.

रणधीर त्यांच्याकडं तीन वर्षांपूर्वी असाच आला होता. एअर पिस्तूल नवं होतं, हात खेड्यातला होता. वस्तादांनी मूठ करून दिली, आणि मग पोरानं मागं वळून पाहिलं नाही. साठ गोळ्या, सहाशे गुण. त्यातले पाचशे अठ्ठ्याहत्तर घ्यायला लागला. पेपरात फोटो आले. फोटो आले की पोरांचं काय होतं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता गेले चार महिने त्याची गाडी पाचशे पंचावन्नच्या वर सरकत नव्हती. आणि येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. पाचशे पंचावन्नवर संघात काय, संघाच्या बसमध्येसुद्धा कुणी बसू देत नाही.

“वस्ताद, ऐकताय न्हवं?”

“ऐकतोय. दाखीव काय आणलंस.”

रणधीरनं पेटी उघडली. आत काळा स्पंज, स्पंजात खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक वस्तू निजवलेली. पिस्तूल मधोमध. त्यानं हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवला, नळी रिकामी असल्याचं दाखवलं, आणि मग एकेक जिन्नस हातात घेऊन सांगायला लागला. नवरीकडचे लोक रुखवत दाखवतात तसं.

“ही नेम धरायची साइट जर्मनीची. मागची खाच पायजे तेवढी बारीक करता येती. ही वजनं नळीखाली लावायची, म्हंजे तोंड उचलत न्हाई. ह्यो ट्रिगर इटलीचा. आणि ही मूठ. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं आखायचा, मापं लिहायची आणि पाठवायचं. दीड महिन्यात घरपोच. हातमोज्यागत बसती, वस्ताद.”

“आणि पिस्तूल?”

“ते पण तिकडलंच की.”

“मग हितलं काय हाय ह्यात?”

रणधीर हसला. “मी हाय की!”

वस्ताद हसले नाहीत.

“मग तेवढं बघू आधी,” ते म्हणाले. “आन हिकडं.”

रणधीरनं पिस्तूल उचललं.

“ते न्हवं. हात.”

…

वस्तादांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. तळहात दाबला, बोटं एकेक करून मिटवली, उघडली. डोळे मिटलेले. रणधीर माझ्याकडं बघून भिवया उडवत होता. म्हातारा जुन्या वळणाचा आहे, चालवून घ्या, असा त्याचा भाव.

अंगठ्याच्या पेरावर वस्तादांचं बोट थांबलं. तिथंच फिरत राहिलं.

“हितला घट्टा कुठं गेला?”

“गेला की!” रणधीरला आनंदच झाला. “वजरीनं घासून घासून घालवला. वर मलम लावायचो रोज. क्लबातलं सर म्हणालं, नेमबाजाचा हात हाय, जप. दिवाळीपासनं म्हशीच्या कासंला हात लावला न्हाई मी.”

हे जरा सांगायला हवं. रणधीरच्या घरी तीन म्हशी. आईचे गुडघे गेलेले, थोरला भाऊ पहिल्या पाळीला फौंड्रीत. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ धार काढायचं काम बाराव्या वर्षापासून रणधीरकडं. आणि त्यांच्या गावात धार काढतात ती अंगठा मुडपून. सड चार बोटांत धरायचा आणि मुडपलेल्या अंगठ्याच्या पेरानं दाबत खाली यायचं. गुरांचे डॉक्टर सांगून सांगून दमले, की अशानं सड खराब होतात, पुऱ्या मुठीनं काढा. गाव मान डोलावतं आणि अंगठा मुडपतं. त्या गावच्या माणसाशी हस्तांदोलन केलं, की अंगठ्याच्या पेरावरचा घट्टा आपल्याला टोचतो.

वस्तादांनी तीन वर्षांपूर्वी रणधीरची मूठ कोरली, तेव्हा त्या घट्ट्यासाठी वाटाण्याएवढी खळगी ठेवली होती, घट्टा तिच्यात गच्च बसेल अशी.

“माझी मूठ कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“पिशवीत हाय. आणलीय दाखवायला. पण ती ढिली पडली, वस्ताद. लाकूड आटलं तिचं.”

वस्तादांनी मान वर केली.

“शिसव आटलं?”

“…आटलं असंल.”

“शिसव आटलं,” वस्ताद माझ्याकडं बघून म्हणाले.

मी अडकित्त्याकडं बघायला लागलो.

त्यांनी एका चावीनं परदेशी मूठ सोडवली, पुसून बाजूला ठेवली आणि जुनी शिसवी मूठ बसवली. पिस्तूल रणधीरच्या हातात दिलं, भिंतीकडं तोंड करून धरायला लावलं. मग जुन्या कॅलेंडरच्या कागदाची बोटभर पट्टी फाडली आणि त्याच्या अंगठ्याजवळ लाकडाला लावून सोडली.

पट्टी सरळ आत गेली आणि खालून बाहेर आली.

“बघा!” रणधीर म्हणाला. “म्हटलं न्हवतं? ढिली हाय. म्हणूनच नवी मागवली. आता तिच्या मापानं ह्यो इटलीचा ट्रिगर नीट बसवून द्या, बास. तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायचं धाडस न्हाई माझं. दहा दिस हायत, वस्ताद. संघात यायचंय मला. ह्या साली न्हाई आलो तर पुढच्या साली कोण इचारत न्हाई.”

हे म्हणताना त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. पोरगा घमेंडी होता, पण झोप उडालेला होता. ते त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

वस्तादांनी ट्रिगरला हात लावला नाही.

“धार कोण काढतंय आता?”

“घरचे.”

“घरचं कोण?”

रणधीरनं पिस्तूल खाली ठेवून कॅलेंडरच्या पट्टीची घडी घातली. उलगडली. परत घातली.

“…वैनी.”

“कुठं असती ती?”

“हितंच हाय की. भाईर बसलीय.”

मी तिला येताना पाहिलं होतं. दुकानाच्या पायरीवर एक बाई पाय जवळ घेऊन बसली होती, शेजारी सरकीचं पोतं. मला वाटलं कुणाची तरी वाट बघत असेल. दोघं एकाच मोटारसायकलवर गावाकडून आली होती, ती सरकी न्यायला आणि हा पिस्तूल घेऊन. तासभर ती बाहेर होती. आत या म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

“पोरी, जरा आत ये,” वस्तादांनी हाक मारली.

सारिका वहिनी आत आली. पस्तिशीची असेल. लाकडाचा भुसा पाहून तिनं चपला दाराबाहेर काढल्या.

“हे धर,” वस्तादांनी पिस्तूल पुढं केलं.

“अगं बाई! मला नको हो. मला काय कळतंय त्यातलं?”

“रिकामं हाय. धर.”

तिनं हात पदराला पुसला. मग दोन बोटांनी पिस्तूल घेतलं, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं मूल घेतं. वस्तादांनी तिचा हात भिंतीकडं वळवला आणि म्हणाले, “मूठ मीट. जशी मिटती तशी.”

तिनं मूठ मिटली.

वस्तादांनी रणधीरच्या हातातून कागदाची पट्टी घेतली आणि तिच्या अंगठ्यापाशी लावली.

पट्टी आत जाईना.

त्यांनी दुसऱ्या बाजूनं लावली, खालून लावली. पट्टी दुमडली आणि तिथंच राहिली. वहिनीचा अंगठा शिसवीत असा बसला होता की लाकूड कुठं संपतं ते दिसत नव्हतं.

 

“कुणाचा हात हाय ह्यो?” वस्तादांनी रणधीरला विचारलं.

…

 वहिनीच घाबरून मधे बोलली.

“चुकलं का काय माझं?”

“न्हाई पोरी. अंगठा कुणी शिकवला तुला ह्यो? माहेरात असाच धरत्यात?”

“छ्या! आमच्यात पुऱ्या मुठीनं काढत्यात. पर आमची चंद्री म्हस भावजींच्या हाताची ना. भावजींनी सोडलं तवा मी बसले माझ्या रीतीनं. थेंब दिला न्हाई तिनं. लाथा घातल्या. आठवडाभर रेडकू सोडून कास मोकळी करायचो, काय करणार? मग मी भावजींनाच इचारलं, तुम्ही अंगठा कसा धरता दाखवा. त्यांनी दाखवला.”

“मी?” रणधीर म्हणाला. “कवा?”

“तुम्ही मोबाइलमधी बघत हुता न्हवं का, ती मूठ का काय मागवायची ती? तवा. असा करून दाखवला.” तिनं हवेत अंगठा मुडपला. “माझ्याकडं बघितलं न्हाई तुम्ही, पर दाखवला बरोबर. मग मी तसाच धरला. तरी दोन दिस न्हाईच. तिसऱ्या दिवशी पान्हावली.”

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. सहाशेपैकी पाचशे अठ्ठ्याहत्तर घेणाऱ्याचा फुलतो तसा. तिनं पिस्तूल वस्तादांना परत दिलं, आणि नकळत डाव्या हातानं उजव्या अंगठ्याचं पेर चोळायला लागली.

“दुखतंय?” वस्तादांनी विचारलं.

“पहाटंला मिटत न्हाई जरा. कोमट पाण्यात धरला की सुटतोय. मग बसते म्हशीखाली.”

“घरात सांगितलंस?”

“कशाला? भावजींची परीक्षा हाय. उगं त्यांच्या डोक्याला ताप.”

मला गावात जानेवारीत झालेला रणधीरचा सत्कार आठवला. माझी बहीण त्याच गावात दिलेली आहे, म्हणून मी गेलो होतो. मांडव होता, फेटा होता, आणि रणधीरचं आभाराचं भाषण होतं. त्यानं क्लबाचे आभार मानले. सरांचे मानले. सरपंचांचे मानले. मूठ करणाऱ्या त्या परदेशी कंपनीचं नाव तर दोनदा घेतलं, पहिल्यांदा उच्चार चुकला म्हणून. आणि हीच बाई तेव्हा मांडवाच्या कडेनं सगळ्यांना चहा देत फिरत होती. माझ्या हातातही कप तिनंच दिला असणार. मी तिच्याकडं बघितल्याचं मला आठवत नाही.

रणधीर तिच्या अंगठ्याकडं बघत होता. नेमबाज मंडळी एक डोळा बारीक करून बघतात तसं नव्हे. दोन्ही डोळ्यांनी, आणि ते भरत चालले होते.

“वैनी… हात बघू.”

“असू दे हो.”

“बघू.”

तिनं हात पुढं केला. पेरावर पिवळट, टणक घट्टा होता आणि त्याच्या कडेला कातडी फाटलेली. त्याच्या स्वतःच्या हातावर जिथं होता, बरोबर तिथं. वजरीनं घासून त्यानं जो घालवला, तो इथं येऊन बसला होता.

रणधीर खाली वाकला आणि त्या भुशात तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“अहो भावजी! हे काय दुकानात!” ती मागं सरली, तशी लाकडाच्या फळीला धडकली. “उठा बघू. माणसं बघत्यात.”

माणसं म्हणजे मी. मी खुशाल बघत होतो. असं बघायला पुन्हा कुठं मिळणार?

“सगळ्यांचे आभार मानले मी,” रणधीर उठता उठता म्हणाला. त्याच्या कपाळाला भुसा लागला होता. “तुमचं नाव राहिलं, वैनी.”

“घरातल्यांचं कुठं नाव घेत्यात व्हय?”

“मी घेणार. तुम्ही हुता म्हणून मी सकाळी सरावाला रेंजवर जात हुतो. मला वाटायचं, मी माझ्या हिमतीवर जातोय.” तो थांबला, मग जवळजवळ ओरडला, “उपकार हायत तुमचे माझ्यावर. आणि मला दिसलं न्हाईत!”

वहिनी पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. दोन्ही एकदम चाललं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत होती.  माझ्या घरी पानाला चुना लावून देणारे हात चाळीस वर्षं तेच आहेत. ते अलीकडं कसे दिसतात, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या दिवशी घरी जाऊन मी ते नीट बघितले. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का.

“उद्यापासनं धार मी काढणार,” रणधीरनं जाहीर केलं. “तुम्ही उठायचं सुदिक न्हाई.”

वहिनीनं मान हलवली.

“चंद्री देणार न्हाई तुम्हाला.”

“का? लहानाची मोठी केलीय मी तिला!”

“हात मऊ झालाय तुमचा. तिला वळखायचा न्हाई. लाथ घालंल.”

यावर सगळ्यात आधी वस्ताद हसले. मग मी. मग रणधीरही हसला, डोळे ओलेच ठेवून. राज्यातला नावाजलेला नेमबाज, आणि घरच्या म्हशीनं ओळख दाखवायला नकार दिलेला.

“तुम्ही शेजारी बसाल का, वैनी? पहिलं चार दिस?” त्यानं विचारलं. “मी धरतो तो बरोबर हाय का, ते सांगा मला.”

“बसते की.”

“आणि तुम्ही अंगठा नका मुडपू आता. माझा हात जमला, की बाकीच्या दोघींना पुऱ्या मुठीची सवय लावू. मला पण शिकवा ती.”

“लावू,” ती म्हणाली. “हळूहळू.”

वस्ताद तोवर पेटी आवरत होते. साइट तिच्या खाचेत ठेवली, वजनं त्यांच्या खाचेत. इटलीचा ट्रिगर त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

“कारागीर मोठा हाय,” ते म्हणाले. “किती सफाईनं काम केलंय बघ. त्यो भेटला असता तर हात धरला असता मी त्याचा.” मग परदेशी मूठ उचलली, अंगठ्याच्या जागेवरून बोट फिरवलं. “ह्याची पण चूक न्हाई. त्याला बिचाऱ्याला हात न्हाई, कागद मिळाला.”

पेटीचं झाकण लावून त्यांनी ती रणधीरसमोर सरकवली. शिसवी मूठ पिस्तुलाला तशीच होती. ती सोडवा असं रणधीर म्हणाला नाही.

वहिनी बाहेर गेली आणि सरकीचं पोतं उचलायला वाकली. रणधीर धावत गेला आणि तिच्या हातातून ते घेतलं. मोटारसायकलला बांधलं, दोरीला दोनदा हिसका देऊन बघितला. मग पुन्हा दारात आला. आत मात्र आला नाही.

“वस्ताद.”

“बोल.”

“दहा दिसात माझा हात परत आला न्हाई तर?”

वस्तादांनी माझा अडकित्ता हातात घेतला होता. पात्यावरून अंगठा फिरवत होते.

“संघात न्हाई आलो तर, वस्ताद? मग काय करू?”

वस्तादांनी दाराबाहेर बघितलं. सारिका वहिनी मोटारसायकलपाशी उभी राहून अंगठा चोळत होती…

“लाथा खाऊन दुसऱ्या दिवशी म्हशीखाली बसताना,” ते म्हणाले, “हिनं इचारलं हुतं, चंद्री न्हाई पान्हावली तर?”